दंतकथेच्या सावलीतले पीटर ग्रीनचे एकल अल्बम

पीटर ग्रीन या ब्रिटिश ब्लूज-रॉक गिटारवादकाविषयी लिहिणाऱ्यांनी आपसांत जणू ठरवूनच टाकले आहे की त्याची गोष्ट मे १९७० मध्ये संपते. ती साधारणतः अशी सांगितली जाते: पूर्व लंडनमधील एका ज्यू कुटुंबातला मुलगा, १९ व्या वर्षी तो जॉन मेयॉलच्या बँडमध्ये एरिक क्लॅप्टनच्या रिकाम्या झालेल्या जागी उभा राहतो, विसाव्या वर्षी 'फ्लीटवुड मॅक' स्थापन करतो, तीन वर्षांत लोकप्रियतेच्या शिखरावर पोचतो, मग म्युनिकमधल्या एका रात्री एलएसडीच्या अंमलाखाली त्याचे मन कायमचे बिघडते, तो पैसे वाटून टाकू पाहतो, बँड सोडतो आणि अंधारात नाहीसा होतो. पडदा.

हा पडदा पडल्यानंतर ग्रीन आणखी पन्नास वर्षे जगला. २५ जुलै २०२० रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, तो गेला. या पन्नास वर्षांत त्याने स्वतःच्या नावावर सहा अल्बम केले आणि 'स्प्लिंटर ग्रुप' या बँडसोबत आणखी कित्येक. त्यांतले काही चांगले आहेत, काही सामान्य आहेत, काही सरळसरळ वाईट आहेत. पण हे चांगले, सामान्य, वाईट ठरवण्याचे कष्ट फारसे कोणी घेतलेले नाहीत. 'बिचारा' हा एक शब्द उच्चारला की काम भागते. आमचा आक्षेप या शब्दाला आहे. तो वरवर करुणेचा वाटतो. प्रत्यक्षात तो समीक्षकाच्या आळसाचा आहे, आणि त्याने एका कलावंताचे आजाराहून कमी नुकसान केलेले नाही.

आधी थोडा पूर्वेतिहास, कारण त्यावाचून पुढचा वाद कळणार नाही. साठच्या दशकात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीताने इंग्लंडमधील तरुण वादकांची एक पिढी झपाटली होती. मेयॉलचा 'ब्लूजब्रेकर्स' हा बँड त्या पिढीची तालीमच होती. तेथे १९६६ साली ग्रीन आला आणि १९६७ च्या 'अ हार्ड रोड' या अल्बममधील 'द सुपरनॅचरल' या शब्दविरहित रचनेत त्याने आपली ओळख पटवून दिली: लांबवलेला एकच स्वर, त्याच्या भोवती मोकळी सोडलेली जागा, आणि वेगाचे प्रदर्शन करण्याचा पूर्ण अभाव. पुढे 'फ्लीटवुड मॅक'मध्ये त्याने 'ब्लॅक मॅजिक वूमन' लिहिले, जे १९७० साली सांतानाने अमेरिकेत गाजवले. 'अल्बट्रॉस' ही शब्दाविना असलेली रचना १९६९ च्या आरंभी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. त्याच वर्षी 'मॅन ऑफ द वर्ल्ड' आणि 'ओ वेल' दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचली. जानेवारी १९६९ मध्ये शिकागोच्या चेस स्टुडिओत ओटिस स्पॅन आणि विली डिक्सन यांच्यासारख्या ज्येष्ठांबरोबर या मुलांनी ध्वनिमुद्रण केले. बी. बी. किंगसारख्या वादकाने ग्रीनच्या स्वराची मुक्तकंठाने स्तुती केली. हे सारे त्याने वयाच्या २३ व्या वर्षापर्यंत केले.

येथून दंतकथा कामाला लागते. तिची पद्धत सोपी आहे. शेवट आधी ठरवायचा आणि मग आधीच्या प्रत्येक रचनेत त्या शेवटाची चाहूल शोधायची. 'मॅन ऑफ द वर्ल्ड' हे एका यशस्वी माणसाच्या एकाकीपणाचे गाणे. ते आता पूर्वसूचना होते. 'द ग्रीन मनालिशी' हे १९७० चे गाणे, बँडसोबतचे त्याचे शेवटचे गाजलेले. ते तर थेट वेडाचे चित्र ठरते. वस्तुतः हे गाणे कशाविषयी आहे हे ग्रीनने स्वतः सांगितलेले आहे. ते पैशाविषयी आहे. त्याला पडलेल्या एका स्वप्नातून ते आले आणि त्यातला हिरवा रंग नोटांचा आहे. बियाफ्राच्या दुष्काळातील उपाशी मुलांची चित्रे त्या काळात दूरचित्रवाणीवर दिसत होती. ती पाहून आपल्या उत्पन्नाविषयी त्याला अपराधी वाटू लागले, आणि बँडने कमाईचा मोठा भाग दान करावा असा आग्रह त्याने सहकाऱ्यांपाशी धरला. तो आग्रह अव्यवहारी होता असे कोणी म्हणेल. ते म्हणण्याचा त्याला अधिकार आहे. परंतु संपत्तीविषयीचा नैतिक प्रश्न आणि त्या प्रश्नातून निघालेले एक भेदक गाणे, या दोन्हींना लक्षणांच्या यादीत टाकून मोकळे होणे, ही कोणती समीक्षा? लेखकाने दिलेला अर्थ अंतिम मानावा असे आम्ही म्हणत नाही. पण तो विचारातच न घेण्याचे कारण 'तो आजारी होता' एवढेच असेल, तर गाण्याचा अर्थ लावण्याचे काम सुरूच झालेले नाही.

म्युनिकच्या रात्रीचे तसेच. मार्च १९७० मध्ये तेथील एका कम्यूनमध्ये काय घडले याविषयी व्यवस्थापक, सहकारी, यजमान आणि स्वतः ग्रीन यांच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत. काहींच्या मते तेथेच सर्वनाश झाला. ग्रीनला मात्र त्या रात्रीचे आपले वादन अत्यंत आत्मिक कोटीचे वाटत आले. त्यात खरे कोण, याचा निवाडा करण्याचे साधन आज कोणापाशी नाही. आश्चर्य याचे की ज्या घटनेविषयी एवढा मतभेद आहे तिच्यावर संपूर्ण कारकिर्दीचा अर्थ टांगला जातो, आणि जे आजही कोणालाही ऐकता येते, त्या ध्वनिमुद्रित संगीताकडे पुरावा म्हणून कोणी वळत नाही.

कारण सांगितले की कलाकृती कळली, हा समज आणखी एका ठिकाणी दिसतो. ग्रीनच्या १९५९ च्या गिब्सन लेस पॉल गिटारचा आवाज किंचित पोकळ, नाकातून आल्यासारखा लागतो. तिच्या एका पिकअपमधले चुंबक उलटे बसलेले असल्याने दोन्ही पिकअप एकत्र वापरले की त्यांचे ध्वनी काही अंशी एकमेकांना छेदतात, हे त्यामागचे तांत्रिक कारण. माहिती म्हणून ते रोचक आहे. पण तीच गिटार पुढे गॅरी मूरने अनेक वर्षे वाजवली, १९९५ साली 'ब्लूज फॉर ग्रीनी' हा अल्बम ग्रीनच्या गाण्यांवर केला, आणि आज ती 'मेटालिका'च्या कर्क हॅमेटपाशी आहे. चुंबक तेच आहे. स्वर कोठे थांबवायचा हे ठरवणारा हात वेगळा आहे. चुंबकाने जसे ग्रीनचे वादन समजत नाही, तसे एलएसडीनेही समजत नाही.

आता अल्बमांकडे वळू. पहिला 'द एंड ऑफ द गेम', डिसेंबर १९७० मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यात एकही शब्द गायलेला नाही. झूट मनी आणि निक बक ही दोघे कळफलकवाद्यांवर, अॅलेक्स डमोखोव्स्की बासवर, गॉडफ्रे मॅक्लेन ड्रम्सवर. त्यांनी स्टुडिओत बसून मुक्त वादन केले आणि त्या लांबलचक मुद्रणातून कापून सहा तुकडे तयार करण्यात आले. या अल्बमला 'कोसळत्या मनाचा दस्तऐवज' म्हणण्याची रीत पडली आहे. आम्हाला ती मान्य नाही, आणि त्याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण असे की हा अल्बम आकाशातून पडलेला नाही. १९६९ च्या 'देन प्ले ऑन' या 'फ्लीटवुड मॅक'च्या अल्बममध्येच लांब मुक्तवादनातून कापून काढलेल्या दोन रचना आहेत. 'ओ वेल'चा दुसरा भाग तर शब्द आणि ठेका दोन्ही सोडून स्पॅनिश वळणाच्या गिटारीकडे आणि चेलोकडे वळतो. तीन मिनिटांच्या गाण्याच्या चौकटीतून बाहेर पडण्याची ओढ ग्रीनला बँडमध्ये असतानाच लागलेली होती. त्या वेळी तिला आपण 'प्रयोगशीलता' म्हटले. तीच ओढ काही महिन्यांनी एकट्याच्या नावावर आली तेव्हा ती विकार कशी झाली?

दुसरे कारण काळाचे आहे. मार्च १९७० मध्ये माइल्स डेव्हिसचा 'बिचेस ब्रू' आला. तोही लांबलचक मुक्तवादनाचे तुकडे कापून, जोडून सिद्ध केलेला होता. त्याला संगीताच्या इतिहासातले वळण मानले जाते, आणि ते योग्यच आहे. ग्रीनने त्या उंचीचे काही केले असे आम्ही म्हणणार नाही. पण कापून जोडण्याची एकच रीत एकाच्या बाबतीत सौंदर्यविचार आणि दुसऱ्याच्या बाबतीत रुग्णपत्रिका ठरते, तेव्हा ठरवणारा निकष संगीतातून आलेला नसतो.

तिसरे कारण प्रत्यक्ष श्रवणाचे आहे. 'बॉटम्स अप' हा नऊ मिनिटांच्या आसपासचा पहिला तुकडा ऐकावा: वाह-वाह पेडलवर गिटार जवळजवळ बोलू लागते, खालचा बास तिला सतत ढकलत राहतो, आणि दोघांचा संवाद एकदाही सुटत नाही. 'टाइमलेस टाइम' तीन मिनिटांहूनही लहान, शांत, 'अल्बट्रॉस'च्या कुळातला. हे ऐकणाऱ्याला एकमेकांचे ऐकणारे वादक भेटतात. विस्कटलेले मन भेटत नाही. दोषही आहेत, आणि ते आम्ही झाकणार नाही. तुकडे अवचित सुरू होतात आणि अवचित विरतात. 'डिसेंडिंग स्केल' मध्ये पियानो आणि गिटार एकमेकांची वाट पाहत बराच वेळ घालवतात. उत्तम क्षण आणि भरताड यांतली निवड अधिक कठोर हवी होती. पण हा संपादनाचा दोष आहे. संपादनाच्या दोषाला संपादनाचा दोष म्हणावे, एवढीच आमची मागणी.

यानंतरची वर्षे खरोखर कठीण होती. १९७१ आणि १९७२ मधील एक-दोन लहान मुद्रणे, जेरेमी स्पेन्सर अमेरिकेत अचानक एका पंथात निघून गेल्यावर जुन्या बँडच्या मदतीला धावून जाऊन पूर्ण केलेला दौरा, एवढे सोडले तर तो संगीतापासून दूर राहिला. त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचे निदान झाले, रुग्णालयांत राहावे लागले, विजेच्या झटक्यांचे उपचार झाले. १९७७ मध्ये हिशेबनिसाला धमकावल्याचे प्रकरणही घडले. त्याची खमंग वर्णने सर्वत्र उपलब्ध आहेत, आम्ही त्यात भर घालत नाही. आजार खरा होता. तो नाकारण्याचा आमचा हेतू नाही, आणि त्याला 'प्रतिभेची किंमत' म्हणून शृंगारणाऱ्यांचा तर आम्ही निषेधच करतो. प्रश्न एवढाच आहे की आयुष्यातील या वस्तुस्थितीला समीक्षेत कोणते स्थान द्यायचे.

१९७९ साली 'इन द स्काइज' आला आणि ब्रिटनच्या यादीत ३२ व्या क्रमांकापर्यंत गेला. त्याचे वर्णन सरसकट 'पुनरागमन' असे होते. म्हणजे पुन्हा रुग्णाचीच बातमी. अल्बम नीट ऐकला तर पहिली गोष्ट ध्यानात येते ती श्रमविभागणीची. लीड गिटारचा मोठा भार स्नोई व्हाइट या दुसऱ्या वादकाने उचलला आहे. 'स्लाबो डे' मधील ठळक सूर त्याचेच. जो श्रोता तेथे 'परतलेल्या ग्रीनची वेदना' ऐकतो, तो कानांनी ऐकत नसून चरित्राने ऐकतो. दुसरी गोष्ट 'अ फूल नो मोअर' या गाण्याची. ते ग्रीनने 'फ्लीटवुड मॅक'च्या आरंभीच्या दिवसांतच मुद्रित केले होते. विशीतल्या मुद्रणात गायक आपल्या आदर्शांसारखे गाऊ पाहतो. १९७९ च्या मुद्रणात आवाज खाली उतरलेला, जवळून आलेला, कोणाचीही नक्कल न करणारा आहे. दोन्ही शेजारी ठेवून ऐकावीत. आमच्या मते दुसरे अधिक चांगले आहे, आणि तसे म्हणताना 'त्याची परिस्थिती पाहता' असे शेपूट जोडण्याची गरज आम्हाला वाटत नाही.

पुढच्या वर्षीच्या 'लिटल ड्रीमर' विषयी आमचे मत इतके अनुकूल नाही, आणि १९८१ च्या 'वॉचा गोना डू?' विषयी तर ते प्रतिकूलच आहे. या अल्बमांतली बरीचशी गाणी ग्रीनचा भाऊ माइक याने लिहिलेली आहेत. ती गाण्याजोगी आहेत, वाईट नाहीत. पण ग्रीनच्या गाण्यांत शब्द आणि गिटार यांच्यात जी ओढाताण असे, शब्द जेथे थांबतो तेथून गिटार उचलते अशी जी बांधणी असे, ती त्यांत नाही. साथीचा ठेका त्या काळच्या गुळगुळीत चलनाचा, प्रत्येक रिकामी जागा भरून काढणारा. ज्या वादकाची सारी कला रिकाम्या जागेत आहे त्याला अशा भरगच्च साथीत बसवणे हा रचनेचा आणि निर्मितीचा घोटाळा आहे. १९८२ चा 'व्हाइट स्काय' याच वाटेने जातो आणि १९८३ चा 'कलर्स' हा मागे उरलेल्या मुद्रणांचा संग्रह आहे. हे अल्बम फसले. ते का फसले हे सांगता येते, संगीताच्याच भाषेत सांगता येते, आणि त्यासाठी रुग्णालयाचे दार ठोठवावे लागत नाही.

येथे आमच्यावर एक आक्षेप येईल हे आम्ही जाणतो. आजारी माणसाच्या कामाला इतक्या कठोरपणे 'फसले' म्हणणे निर्दयपणाचे नाही काय? आम्ही उलट विचारतो: ज्याच्या कामाला 'फसले' म्हणता येत नाही, त्याच्या कामाला 'साधले' म्हणण्याला काय किंमत उरते? दोषदिग्दर्शनातून सूट मिळालेला कलावंत हा कलावंतांच्या पंक्तीतून उठवलेला कलावंत असतो. त्याला पान वाढले जाते, पण वेगळ्या खोलीत. ग्रीन हा आपल्या कामाला उत्तरदायी असलेला वादक होता असे मानणे, हाच त्याचा खरा सन्मान आहे. आणि त्या मानण्यात निंदेची शक्यता गृहीत आहे.

शेवटचा टप्पा १९९७ नंतरच्या 'स्प्लिंटर ग्रुप'चा. नायजेल वॉटसन या मित्राच्या सोबतीने ग्रीन पुन्हा रंगमंचावर आला. १९९८ साली 'द रॉबर्ट जॉन्सन साँगबुक' आणि २००० साली 'हॉट फूट पावडर' हे अल्बम आले. पहिल्यात १६ आणि दुसऱ्यात १३, अशी रॉबर्ट जॉन्सनने मुद्रित केलेली सर्व २९ गाणी या दोहोंत मिळून आहेत. दुसऱ्यात ओटिस रश, बडी गाय, ह्यूबर्ट सम्लिन आणि हनीबॉय एडवर्ड्स यांच्यासारखी ब्लूजमधली थोर माणसे पाहुणे म्हणून आली. या अल्बमांना 'पूर्वीची सर नाही' म्हणून बाजूला सारले जाते. सर नाही हे उघड आहे: बोटे मंद झाली आहेत, आवाज फाटला आहे, गिटारचे बरेचसे काम वॉटसन सांभाळतो. पण या अल्बमांचा विचार येथून सुरू व्हायला हवा. तो येथेच थांबवला जातो.

जॉन्सन १९३८ साली, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी वारला. त्याची गाणी इंग्रज रॉक वादकांनी उचलली ती बव्हंशी तरुणपणी, आवेशाने, मोठ्या आवाजात. आणि त्याच्या आयुष्याविषयी त्यांनी जी कथा उराशी बाळगली ती म्हणजे चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून गिटारीची विद्या मिळवल्याची. परिश्रमाने, ज्येष्ठांचे ऐकून, शिकून घडलेल्या एका कारागिराला दंतकथेने सैतानाचा शिष्य केले. ग्रीन ही गाणी पन्नाशी ओलांडल्यावर गातो. त्याच्या गाण्यात सैतान नाही, आवेश नाही, थरार नाही. ही एका प्रवासी माणसाची गाणी आहेत: उद्या कोठे झोपायचे याची चिंता, गेलेल्या बाईची आठवण, थोडा विनोद. जॉन्सनच्या गाण्यांतला हा साधा, रोजचा थर तरुण वादकांच्या गोंगाटात दबून गेला होता. तो या मंद बोटांनी वर आणला. मंदपणा येथे अर्थ घडवतो. सर्वच गाणी सारखी साधली आहेत असे नाही, काही ठिकाणी साथच गाण्याला उचलून धरते. तरीही दंतकथेने झाकलेल्या एका गायकाला दंतकथेविना गाण्याचे काम दंतकथेनेच झाकलेल्या दुसऱ्या गायकाने केले, आणि त्याची दखल घ्यायला दंतकथेच्या चाहत्यांना सवड झाली नाही.

हे सारे साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आणि शिक्षकांपुढे मांडण्याचे कारण उघड आहे. रोलां बार्तने १९६७ साली लेखकाचा मृत्यू जाहीर केला, तो निबंध आपण वर्गात शिकवतो. संहितेच्या स्वायत्ततेवर उत्तरपत्रिका लिहून घेतो. आणि लेखक वेडा झाला, तरुण गेला किंवा त्याने जीव दिला असे कळले की तीच आपण मंडळी स्वायत्तता गुंडाळून ठेवून चरित्राच्या दारात जाऊन बसतो. सिद्धान्ताची खरी परीक्षा सुखाने जगून म्हातारपणी गेलेल्या लेखकावर होत नाही; ती अशा आयुष्यांवर होते. चरित्र वर्ज्य करा, असा आमचा उपदेश नाही. चरित्राने ऐकायला मदत व्हावी. ऐकण्याऐवजी ते वापरले जाऊ नये.

१९९८ साली 'फ्लीटवुड मॅक'चा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, तेव्हा त्याच समारंभात गौरवल्या गेलेल्या सांतानाबरोबर ग्रीनने 'ब्लॅक मॅजिक वूमन' वाजवले. फेब्रुवारी २०२० मध्ये मिक फ्लीटवुडने लंडनच्या पॅलेडियममध्ये त्याच्या गौरवार्थ मैफल भरवली. तीत मोठमोठे वादक होते आणि गौरव मुख्यतः १९७० पूर्वीच्या गाण्यांचा होता. गौरवाला आमची हरकत नाही. परंतु ज्याचा गौरव करायचा त्याची पन्नास वर्षे गाळून केलेला गौरव अर्धाच असतो. 'द एंड ऑफ द गेम', 'इन द स्काइज' आणि जॉन्सनच्या गाण्यांचे दोन अल्बम, एवढे चार तरी, आधी काहीही न वाचता ऐकावेत. ऐकून ते वाईट आहेत असे कोणी म्हणाले तर आम्ही वाद घालू, आणि आनंदाने घालू. 'बिचारा' म्हणणाऱ्याशी मात्र वाद घालता येत नाही, कारण त्याने अजून काही ऐकलेलेच नसते.